आठ मापटी

६ जानेवारी

बिअरसाठी हॉप्सची सुकी फुलं पुरवणाऱ्या कंपनीची डायरी दरवर्षी दादाच्या नावाने येते. यंदाही आली. त्यांना कुणी कळवलं नसणार. मी सही करून घेतली, वरचा कागद फाडला आणि आता तिच्यात लिहितेय. दादा तिच्यात फक्त दाताच्या डॉक्टरची तारीख लिहायचा आणि त्या दिवशी तिकडे फिरकायचा नाही. त्या मानाने माझा उपयोग बरा.

दादाला जाऊन आज अठ्ठावन्न दिवस झाले. मी रडलेले नाही. मुद्दाम आवरलंय असं नाही, येतच नाही. ऑफिसातल्या बायका आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकींकडे बघतात. मी चष्मा पुसत बसते.

दुपारी मालकांनी बोलावलं. म्हणजे धाकट्या मालकांनी. थोरले आता फक्त भिंतीवर असतात. टेबलावर तांबडीच्या, म्हणजे आमच्या लाल बिअरच्या, नव्या लेबलाचा नमुना होता, त्यावर दादाचा फोटो, मिशांसकट. खाली ‘दादांची तांबडी’. ब्रुअरीत सगळेच त्याला दादा म्हणत, अगदी त्याच्याहून मोठा वॉचमनसुद्धा.

“ताई, माणसाने हयात घालवली इथे. एवढं तर करायलाच हवं,” मालक म्हणाले. मी म्हटलं, करा.

मग त्यांनी रेसिपीचा कागद पुढे सरकवला. सगळं टाइप केलेलं आहे, फक्त शेवटच्या चौकटीत आकडा नाही. टाकीखालची आच बंद करायच्या आधी वासासाठी जे हॉप्स पडतात, त्याचं माप दादाने कधी ठरवूनच ठेवलं नाही. तिथे त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘नाकाला विचारून’. दर वर्षी पीक वेगळं येतं, हॉप्स कधी तेज असतात, कधी मऊ. तो हातावर चुरडायचा, हुंगायचा आणि सांगायचा, इतकी मापटी.

“गेल्या वर्षीची तांबडी लोकांनी डोक्यावर घेतली. असा वास कधी आलाच नव्हता म्हणतात. तोच आकडा घाला आणि खाली सही करा, की हीच दादांची चव. एक मार्चला नव्या लेबलाची पहिली बॅच उकळायची. दादांची चव तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

मी म्हटलं, बरं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

९ जानेवारी

माझं काम कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. मी बिअर पिऊन पगार घेते. खरं म्हणजे पीत नाही, चव घेते. अठ्ठावीस वर्षं झाली. प्रत्येक बॅच बाटलीत भरायच्या आधी दोघांनी चाखायची. दोघांनी वेगवेगळी, एकमेकांशी न बोलता. प्रत्येकाने आपलं कार्ड भरायचं आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचं. दुसऱ्याचं कार्ड बघायचं नाही. थोरल्या मालकांनी हा नियम काचेत लावून ठेवलाय. दादा दहाला चाखायचा, मी अकराला.

ही डायरी कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. मी दादाचं कार्ड बघायचे.

पेटीला कुलूप नव्हतं. चाखणारी दोघं भाऊबहीण, कुलूप कुणासाठी लावायचं? सुरुवातीला शिकण्यापुरतं बघितलं. मग सवयच लागली. त्याने ‘वास बेताचा, शेवट कोरडा’ लिहिलं की मी ‘वास माफक, शेवटी कोरडी’ लिहायचे. शब्द बदलायला मी हुशार आहे. त्याचं कधी चुकत नव्हतं. आणि माझं चुकलं असतं तर त्याने आठवडाभर पिडलं असतं. लहानपणी मी एकदा मिठाला साखर म्हटलं होतं, ते तो माझ्या पन्नाशीच्या वाढदिवसाला सांगत होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, तो एकदम म्हणाला, “यापुढे तू आधी घेत जा. सकाळी मला टाक्यांची घाई असते.” माझी पंचाईत झाली. पेटी रिकामी, बघायचं काय? मग फायलीतून त्याचं आदल्या महिन्याचं कार्ड काढलं आणि तेच शब्द फिरवून लिहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे तसंच चालू ठेवलं.

१६ जानेवारी

कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले. शनिवारी कामावरून सुटलो की दादा आणि मी तिथे एकेक तांबडी घ्यायचो. ती मात्र चाखायची नसे, प्यायची. खिडकीजवळचं टेबल, खारे दाणे, पायांतून काढलेल्या चपला. जाड काचेचा मोठा ग्लास, त्यात तो विटेसारखा लाल रंग, वर दोन बोटं फेस. फेस बसायची वाट बघायची, ही दादाची अट. “घाई करणाऱ्याने सरबत प्यावं,” म्हणायचा. पहिला घोट घेतला की तो डोळे मिटायचा आणि मिशीचा फेस पुसायचाच नाही. आठवड्यात मला आवडायचं ते एवढंच. बाकी सहा दिवस मी वेळ काढायचे.

बारवाल्याने न सांगता दोन ग्लास आणले. मग जीभ चावून एक उचलायला लागला. मी म्हटलं, राहू दे.

“दादांनी गेल्या वर्षी कमाल केली हो,” तो म्हणाला. “ग्लास आणतोय तोवर वास टेबलावर पोचतो. गिऱ्हाइकं म्हणतात, म्हातारा जाता जाता सगळा जीव ओतून गेला.”

फेस बसू दिला. प्यायले. ओली होती, गार होती. याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही. दुसरा ग्लास पलीकडच्या टेबलावरच्या पेंटरने नेला.

१९ जानेवारी

वहिनीकडे जाऊन हॉस्पिटलचे कागद लावले. सप्टेंबरात दादा टाकीच्या जिन्यावर चक्कर येऊन पडला, तेव्हाचे. कपाळाच्या मागे गाठ होती. डॉक्टर म्हणाले, सावकाश वाढलेली आहे, वर्ष-दीड वर्षाची असेल.

ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं होतं, “यांचा वास कधीपासून गेलाय?” वहिनी फरशीकडे बघत राहिली. मीच फणकारले. म्हटलं, “अहो डॉक्टर, त्याच्या नाकावर आमची ब्रुअरी चालते!” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे विचारलं नाही. डॉक्टर लोकांना सगळ्यांनाच सगळं झालेलं हवं असतं.

२४ जानेवारी

चौकट भरायची म्हणून मागच्या बॅचचे कागद काढले. शेवटच्या हॉप्सची मापटी त्यात टिपलेली असतात. वर्षानुवर्षं चार. एखाद्या मऊ पिकाला पाच. दादाने मला तू आधी घे म्हटलं त्या ऑक्टोबरात पाच. फेब्रुवारीत सहा. मेमध्ये सात. जुलै, ऑगस्टला आठ. तो पडल्यावर टाकीवाल्यांनी तोच कागद समोर धरून आठच चालू ठेवलीत.

मला आठवतं, दादा कुरकुरायचा. “यंदाचे हॉप्स अगदीच फुसके निघाले गं. पालापाचोळा पाठवतात.” हॉप्सवाल्याला फोनवर झापलंसुद्धा. तो बिचारा शपथेवर सांगत होता की इतका तेज माल दहा वर्षांत आला नाही. तेज माल पालापाचोळा कसा? दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि तो व्यापारी आहे.

म्हणजे आकडा आठ. लिहून टाकायला हरकत नाही. पेन उघडलं, मग चहा आला, मग राहिलं.

२५ जानेवारी

ग्लास धुतले. साठ ग्लास, सगळे स्वच्छच होते.

१ फेब्रुवारी

वहिनी दादाचे कपडे काढत होती. मी घड्या घातल्या. सगळ्या शर्टांना अत्तराचा भपकारा, कपाट उघडताच खोकला आला. मी म्हटलं, “वहिनी, दादाला म्हातारपणी हा काय शौक?”

“बाटली संपली की नवी आणायचे. म्हणायचे, येतच नाही गं वास,” वहिनी बोलून गेली.

मग दूध उतू गेलं आणि जळलं. ती धावली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. मी शर्ट मोजले. एकवीस.

३ फेब्रुवारी

आज कार्डं काढली. दादाची आणि माझी, त्या ऑक्टोबरपासून ऑगस्टपर्यंत. अकरा बॅच, बावीस कार्डं. मालकांना सहीबरोबर पुरावा जोडायचा होता की दोघांचं मत एक होतं.

मत एक होतं यात शंका नाही. डिसेंबरात घाईघाईत माझ्या हातून ‘शेवटी कोरडी कोरडी’ असं दोनदा लिहिलं गेलं होतं. दादाच्या कार्डावरही दोनदा आहे. मार्चमध्ये मी तारीख चुकवली, एक दिवस पुढची घातली. त्यानेही तीच घातली. बाकी ओळी जशाच्या तशा. माझ्यासारखे शब्द फिरवण्याचीही तसदी नाही.

तो माझं कार्ड बघून लिहीत होता.

मी त्याचं जुनं कार्ड बघून लिहीत होते, आणि तो माझं.

चौथ्यांदा वाचलं तेव्हा कँटीनची घंटा झाली. जाऊन जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

४ फेब्रुवारी

काही नाही.

७ फेब्रुवारी

हे लिहायला हवं. मी बिअर तोंडात घेतच नव्हते असं नाही. घ्यायचे. नोव्हेंबरच्या बॅचला वास जरा अंगावर आल्यासारखा वाटला होता. मेच्या बॅचला तर ग्लास नाकापासून लांब धरला होता. मला कळत होतं. पण म्हटलं, दादा करतोय म्हणजे मुद्दाम करतोय, काहीतरी नवीन मनात असेल. आपण शहाणपणा कशाला करा? मूग गिळले आणि ‘वास माफक’ लिहिलं.

एवढंच. आठवड्याचे कपडे इस्त्री केले. टॉवेलसुद्धा.

११ फेब्रुवारी

सरळ वहिनीला विचारलं. म्हटलं, “दादाला वास येत नव्हता ना?”

ती तांदूळ निवडत बसली होती, हात थांबले. “तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, वन्सं.” लग्न झाल्यापासून ती मला थट्टेने वन्सं म्हणते. आज थट्टा नव्हती.

“कधीपासून?”

“एकदा दिवाणखान्यात वायर जळत होती आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले, तेव्हा मला कळलं. म्हणाले सर्दी आहे, नाक चोंदलंय, जाईल. महिने गेले तरी सर्दीच. मी म्हटलं डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, बातमी फुटली तर मला टाकीवरून उतरवतील आणि गेटवर बसवतील. मी म्हटलं, अहो, मग त्या बिअरचं काय करता? माप कसं ठरवता?”

“मग?”

“हसले. म्हणाले, माझं नाक गेलं तर गेलं, बहीण आहे ना. मी आपला अंदाजाने टाकतो. जास्त झालं तर ती कार्डावर लिहीलच. तिने लिहिलं की लगेच कमी करीन, आणि त्या दिवशी डॉक्टरकडेही जाईन. दर महिन्याला मी विचारायचे, काय लिहिलं वन्संनी? म्हणायचे, ‘माफक’ लिहिलंय, म्हणजे अजून थोडं चालतंय माझं नाक.”

मी तिच्या ताटलीतले खडे बघत होते. वहिनीने हात धरला. तिचा हात गरम होता हे कळत होतं, माझा कसा होता ते कळलं नाही. घरी चालत आले. बस समोर उभी होती तरी.

१७ फेब्रुवारी

मालकांसमोर बावीस कार्डं मांडली. सगळं सांगितलं. गाठ, पेटी, फायल, ‘कोरडी कोरडी’. आवाज स्थिर होता, दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसा.

मालकांनी दोन कार्डं शेजारी धरली. “म्हणजे दादा तुमचं बघून लिहायचे.”

“हो.”

“आणि तुम्ही दादांचं.”

“हो.”

“मग वर्षभर चव घेतली कुणी?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं. मग माझ्याकडे बघून ते थांबलं. बराच वेळ त्यांनी लेबलाचा नमुना उलटासुलटा केला.

“पण ताई, लोकांना आवडतेय हो. आठचीच आवडतेय.”

“आवडू द्या. आठची विका, हवं ते नाव द्या. पण तिच्यावर त्याचा फोटो लावू नका. ती त्याची चव नाही, मालक. तो त्याचा आजार आहे. आणि त्यातला अर्धा माझा आहे.”

मी राजीनामाही नेला होता. त्यांनी तो वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, “सव्वीस लोक कामाला आहेत इथे, पण दादांच्या हाताखाली शिकलेलं नाक एकच. एक मार्चला टाकीवर तुम्ही चढायचं. माप तुम्ही सांगायचं. लोक म्हणाले की तांबडीचं पाणी झालं, तर शिव्याही तुम्हीच खायच्या.”

“आणि दुसरं कार्ड?”

“मी भरीन. पेटीला कुलूप लावतो. किल्ली वॉचमनकडे.”

बरं म्हणायचं होतं. ‘चालेल’ म्हटलं.

२० फेब्रुवारी

नमुन्यांचं कपाट उघडलं. प्रत्येक बॅचच्या सहा बाटल्या वर्षभर ठेवायच्या आणि मग ओतून द्यायच्या असतात. दादा पडला तेव्हापासून मी कपाटाला हात लावला नव्हता, म्हणून जुन्याही तशाच आहेत. अगदी मागे त्याच्या आधीच्या सप्टेंबरची एक बाटली सापडली. चार मापट्यांची. त्याच्या नाकाची शेवटची.

पिशवीत घालून वहिनीकडे नेली. ती सहसा घेत नाही. आज घेतली. दोघी स्वयंपाकघरात बसलो, फेस बसायची वाट बघितली. दीड वर्षाची बाटली, चांगली राहणार कुठून? वास बसलेला, मागे ओल्या पुठ्ठ्याची चव. पण त्या सगळ्याखाली ती होती, हळू, कुणाला न ढकलता.

“ही ओळखीची आहे,” वहिनी म्हणाली. “पूर्वी घरी आले की यांच्या मिशीला हीच असायची.”

आम्ही बाटली संपवली. वहिनीला दोन घोटांतच चढली आणि तिने ती मिठाची गोष्ट मला सांगितली. तिलाही त्याने सांगून ठेवली होती.

१ मार्च

टाकीवर चढले. जिन्याच्या त्या पायरीवर पाय ठेवताना कठडा धरला. खाली मालक, टाकीवाले, सगळे मान वर करून उभे. हॉप्स ओंजळीत घेतले, चुरडले, डोळे मिटून हुंगले.

कित्येक महिन्यांनी एखादा वास आतपर्यंत पोचला. कापलेलं गवत, संत्र्याची साल, आणि लहानपणी दादा कामावरून यायचा तेव्हाचा त्याचा शर्ट. अत्तराच्या आधीचा. 

“चार,” मी म्हटलं. मग पुन्हा हुंगलं. माल दादाच्या वेळचाच, खरोखरच तेज होता, हॉप्सवाला खरं बोलत होता. “साडेतीन.”

टाकीवाला मालकांकडे बघायला लागला. मालक म्हणाले, “ताई काय म्हणाल्या ते ऐकू नाही आलं?” साडेतीन पडली.

चौकटीत मी आकडा घातलेला नाही. दादाची पेन्सिल पुसट झाली होती, ती फक्त शाईने गिरवली.

दुपारी चाखायच्या खोलीचं दार लावून घेतलं. कपाटातून ऑक्टोबरची बाटली काढली, पाच मापट्यांची, त्या अकरांतली पहिली. कोरं कार्ड घेतलं. फायल कपाटातच राहू दिली. ग्लासात ओतली, फेस बसू दिला, घोट घेतला. इतक्या दिवसांनीही कळत होतं. तेव्हाही कळलं असतं. लिहिलं, ‘वास जास्त. दादा, एक मापटं कमी कर.’ कार्डावर पाणी पडलं आणि शाई पसरली. हमसून रडायला लागले, बाहेर ऐकू जाईल इतकं. कुणी आलं नाही, त्यांचे उपकार. मग चष्मा पुसला, दुसरं कार्ड घेऊन तेच पुन्हा नीट लिहिलं, सही केली, पेटीच्या फटीतून आत सोडलं.

मग नोव्हेंबरची बाटली काढली.